नदीपर्यंतचं गाणं

लोणवाड्याच्या चुडामण झुलाल पाटलाला गावानं आयुष्यभर दोन गोष्टींसाठी नावं ठेवली. आधी शेतात काम करत नाही म्हणून, आणि नंतर गाणं विकलं म्हणून. पहिल्या गोष्टीत गावाचं फारसं चुकत नव्हतं. चुडामणच्या हाती औत दिलं की बैल वाटेल तिकडं जायचे आणि हा बांधावर पावा घेऊन बसायचा. दुसरी गोष्ट मात्र एका शब्दात निकाल लावण्यासारखी नाही.

लोणवाडं दोंडाईच्याच्या अलीकडचं, बुराई नदीच्या काठचं. चुडामण जन्मला एकोणीसशे सहा साली, आणि वर्षाच्या आत त्याची आई प्लेगात गेली. घरात थोरल्या भावाची बायको वच्छलाबाई नुकतीच नांदायला आलेली, स्वतःच खेळायच्या वयाची. तिच्या ओटीत हे दीर म्हणवणारं पोर पडलं. तिनं त्याला चमच्यानं शेळीचं दूध पाजलं, न्हाऊमाखू घातलं, आणि पुढं तिला स्वतःचा मुलगा, अभिमन, झाला तरी चुडामणला आधी वाढायची सवय तिनं मोडली नाही. चुडामण तिला वहिनी म्हणायचा, पण गावात कुणी आईची शपथ घातली तर त्याच्या डोळ्यांपुढं वहिनीच यायची.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, लुगडं. भाऊबंद एकत्र जमतात, गव्हाचे जाड रोट भाजतात, पुरणाचा घास खातात. सोमवारी सकाळी तिला पाटावर घेऊन नदीवर बोळवायला नेतात. ते सगळीकडं सारखंच. पण झुलाल पाटलाच्या घरची एक रीत वेगळी होती. कानबाईनं उंबरठा ओलांडला की घरातल्या मोठ्या बाईनं बोळवणीचं गाणं धरायचं आणि घरच्या पुरुषानं मागून पावा वाजवायचा. नदीचं पाणी पायाला लागलं की गाणं संपलं. येताना ओठ मिटून यायचं. वर्षभरात पुन्हा ती चाल घरात तर सोडाच, शेतातसुद्धा गुणगुणायची नाही. ती कानावर पडली की घरातली लक्ष्मी उठून चालायला लागते, असं जुन्या बायका सांगायच्या.

बरं, बाकीच्या बायका नुसता ओळीच्या शेवटचा ‘वं माय’ ओढायच्या. आख्खं गाणं एकीच्याच तोंडी. सासूच्या मागं चालता चालता सून ते शिकायची. त्यासाठी बसून शिकवणी अशी कधी कुणी घेतली नाही, घेताच येत नव्हती. एका श्रावणात कानात राहील तेवढं राहील, उरलेलं पुढच्या श्रावणात. सासू लवकर गेली म्हणून वच्छलाबाई चुलतसासूच्या मागं तसंच शिकली आणि चुडामणही बापाच्या मागं चालत तसाच पावा शिकला. फार संथ चाल होती ती. जायची इच्छा नसलेल्या माणसाला हात धरून वेशीपर्यंत नेतात, तशी. झुलाल पाटील वारले आणि सोळाव्या वर्षी चुडामण वहिनीच्या मागं पावा वाजवत पहिल्यांदा नदीवर गेला. त्या दिवशी वच्छलाबाईनं पाठीमागं वळून एकदा त्याच्याकडं पाहिलं. शाबासकी देणं तिच्या स्वभावात नव्हतं, तेव्हा हेच तिचं शाबासकी देणं.

पुढं थोरला भाऊ साप चावून गेला. शेत वच्छलाबाईनं वाट्यानं लावलं आणि चुडामणला सांगितलं की तुझ्यानं नांगर होणार नाही, तू धुळ्याला जा, वाजवून पोट भर. गावानं तोंडात बोट घातलं. कुणब्याच्या पोरानं वाजंत्री व्हायचं, आणि तेही घरातल्या मोठ्या बाईच्या सांगण्यानं. पण वच्छलाबाईच्या पुढं बोलायची छाती कुणाची नव्हती.

धुळ्यात रुपचंद नावाच्या माणसाचं मुकं सिनेमागृह होतं. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवायची आणि पडद्याखाली तबला, बाजाची पेटी आणि चुडामणचा पावा बसलेला असायचा. नायिका रडली की पावा रडायचा, राक्षस आला की तबला. मधल्या सुटीत चुडामण गायचाही. त्याचा आवाज जरा दाटलेला पण खरा होता. बाजारपेठेतली माणसं पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. तिथंच त्याचं लग्न झालं, मंदाबाईशी. ती बोलायला फटकळ. तिनं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं की नवरा फुंकून जगतो म्हटल्यावर चूल फुंकायचं कामही त्यानंच करायला हरकत नाही. बरे दिवस होते ते. चुडामणच्या आयुष्यात तेवढेच बरे दिवस होते, म्हणून सांगून ठेवतो.

मग पडदा बोलायला लागला. रुपचंदनं नवं यंत्र आणलं आणि वाजवणाऱ्यांना चहा पाजून निरोप दिला. पेटीवाला शाळेत गायन शिकवायला लागला, तबलजी देशाला गेला. चुडामण मुंबईला एका फिल्म कंपनीच्या वाद्यवृंदात लागला. मंदाबाईला त्यानं लोणवाड्याला वहिनीकडं ठेवलं आणि दर श्रावणात, काही झालं तरी, कानबाईला तो घरी यायचा. कंपनीचे संगीतकार, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते दर वर्षी चिडायचे. चुडामण ऐकून घ्यायचा आणि गाडीत बसायचा.

त्या कंपनीचा नायक दिसायला राजबिंडा, पण गळा म्हणजे फुटकी घागर. तोवर पाठीमागून गायची नवी सोय निघाली होती. आधी एकानं गाणं गाऊन ठेवायचं आणि नंतर दुसऱ्यानं तोंड हलवायचं. चुडामणला हे ऐकून हसू आलं. मुक्या सिनेमात त्यानं दुसरं काय केलं होतं. मास्तरांनी त्याचा आवाज तपासला आणि नायकाच्या गळ्यात तो बसवला. तबकडीवर अर्थात नाव नायकाचंच. चुडामणला त्याचं वाईट वाटायचं, नाही असं नाही. दुकानासमोर उभं राहून स्वतःचा आवाज ऐकायचा आणि शेजारच्यानं ‘काय गातो लेकाचा’ म्हटलं की मान डोलवायची, हा त्याचा एकट्याचा खेळ होता.

घात झाला तो अडतीस साली. चित्रपटात नवी सून घरात येते असा प्रसंग होता आणि त्याला मास्तरांना चाल सुचेना. आठवडा गेला, मालक खोलीत येऊन जायला लागले. मास्तरांनी एकेका वाजवणाऱ्याला बसवून घेतलं आणि तुमच्या मुलखातलं काही असेल तर काढा म्हणाले. वृंदातली माणसं कमी करायची आहेत, ज्यांच्याकडं काही नाही त्यांनी आपलं बघावं, असंही जाता जाता सुनावलं. चुडामणनं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची गाणी वाजवली. जात्यावरची वाजवली. मास्तर नखं पाहत बसले. आणि मग, देव जाणे का, त्यानं बोळवणीची चाल धरली.

का ते त्याला नंतर पुष्कळदा स्वतःला विचारावं लागलं. नोकरीची भीती होतीच. मुंबईत कुणाची कानबाई आणि कुणाचा उंबरठा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण खरं कारण वेगळं होतं. इतक्या वर्षांत ती चाल गावाबाहेर कुणी ऐकली नव्हती, आणि जाणत्या माणसानं ती ऐकावी, एकदा तरी ‘वा’ म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. मास्तर ताठ बसले. हे इतके दिवस कुठं दडवून ठेवलं होतं, असं त्यांनी विचारलं. मग पेटी ओढून चाल दुपटीनं पळवली, ठेका घातला, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी जिथं बायका ‘वं माय’ ओढत तिथं वर उडी मारणारी एक हरकत बसवली. शब्द आले, ‘ये गं घरा’ अशा थाटाचे. गायला चुडामणच. एका दुपारी गाणं उरकलं आणि सगळ्यांना पेढे वाटले गेले.

ते गाणं वणव्यासारखं पसरलं. पुढच्या लग्नसराईत तर त्याच्याशिवाय सून घरात येईना.

त्याच सराईत अभिमनचं लग्न निघालं. वच्छलाबाईचा एकुलता एक मुलगा. सून पाहिली होती पिंपळनेरकडची, प्रमिला नावाची, गोड गळ्याची. गळा ऐकूनच वच्छलाबाईनं होकार दिला होता, आणि यंदापासून ही माझ्यामागं नदीवर चालेल, असं ती साऱ्यांना सांगत होती. चुडामणनं पुतण्याच्या लग्नाला आपल्याकडून जळगावचा मगन बँडवाला आणला. लाल डगले, पितळी भोंगे, आगगाडीनं दोंडाईच्यापर्यंत आणि पुढं बैलगाडीनं. गावानं असलं वैभव पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी प्रथमच चुडामणला लोकांनी आपणहून मानाची सुपारी दिली.

दुपार कलताना वरात दाराशी आली. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. वच्छलाबाई आत भाकरतुकडा घेऊन उभी. प्रमिलानं पाय उचलला आणि मगननं, आवाज कुणाचा ते ठाऊक असल्यानं, चुडामणकडं पाहून डोळे मिचकावत ते गाणं सुरू केलं.

चुडामणनं हात वर केला असता तर मगन थांबला असता. पण त्या क्षणी त्याला बरं वाटत होतं. सारं गाव ऐकत होतं, हे आपलं आहे असं छातीत भरून आलं होतं. हात वर गेलाच नाही. माप लवंडलं, तांदूळ पसरले, सून आत आली आणि वाद्यं थांबली.

वच्छलाबाईच्या हातातला भाकरतुकडा खाली पडला होता. चाल कितीही पळवली तरी जिनं ती आयुष्यभर पायानं मोजली तिला ती ओळखू येणारच. ती बाहेर आली. आवाज चढवला नाही.

“हाई गानं यासले कोनी दिधं?”

“मी,” चुडामण म्हणाला.

“मन्ही वऊ घरमा ई ऱ्हायनी, आन तू तिले वाटे लाई दिधं.”

येणाऱ्या सुनेला त्यानं वाटेला लावलं, एवढंच ती बोलली. त्यानंतर तिनं नवरीची ओटी भरली, पंगती उठवल्या, बँडवाल्यांना जेवू घातलं. चुडामणच्या ताटात आधी वाढलं. पण बोलली नाही.

प्रमिला पहिल्याच पावसाळ्यात तापानं गेली. कानबाई बसायच्या आधी. त्या साली तापानं तालुक्यात कितीतरी माणसं गेली, त्यांच्या दारात कुणी काही वाजवलं नव्हतं. चुडामणला हे कळत होतं. मुंबईत राहिलेला माणूस, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी तार हातात आली तेव्हा त्याच्या मनात पहिलं आलं ते हे की तबकडीवर आपलं नाव नाही ते बरं झालं. आणि हे मनात आलं याची त्याला लाज वाटली.

श्रावणात तो गेला. रोट त्याच्या वाट्याचे काढून ठेवलेले होते; रोट हे भाऊबंदकीचं देणं, त्यात रुसवाफुगवा चालत नाही. सोमवारी सकाळी त्यानं पावा काढला तेव्हा वच्छलाबाईनं नुसती मान हलवली. नाही. कानबाई मुक्यानं नदीवर गेली. त्यापुढं दर वर्षी मुक्यानंच गेली. अभिमन अंमळनेरला गिरणीत लागला, तिथलीच दुसरी बायको केली, आणि ती बाई लोणवाड्याला एकदाही आली नाही. आता वच्छलाबाईच्या मागं चालायला सून नव्हती. गाणं तिच्या एकटीच्या पोटात राहिलं.

चुडामणचंही मग उतरणीलाच लागलं. लढाई सुरू झाली, कच्ची फिल्म मिळेना, कंपनी बुडाली. नायक दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिथं त्याच्यासाठी पातळ, नव्या धर्तीचा आवाज ठेवला होता. चुडामण दारोदार फिरला. मी अमुक गाणं गायलो, असं सांगितलं की लोक तबकडी आणून दाखवायचे. त्यावरचं नाव वाचायला त्यांना येत होतं. एका ठिकाणी त्यानं गाऊन दाखवलं तर, नक्कल उत्तम करता, पण नकलाकार नको आहे, असं उत्तर मिळालं. यावर माणसानं काय करावं?

तो मंदाबाईला घेऊन जळगावला आला. ती जिनिंगमध्ये सरकी वेचायला लागली आणि तो मगनच्या बँडमध्ये. उघड्यावर पावा कोण ऐकतो. त्यानं क्लॅरिनेट धरलं. लाल डगला त्याला खांद्यात घट्ट व्हायचा. लग्नामागून लग्न, आणि दर लग्नात सून दाराशी आली की तेच गाणं. सुरुवातीला तो मगनला सांगून बाजूला बसायचा. मगननं एक सराई चालवून घेतलं, मग म्हणाला की लोक याच गाण्याचे पैसे देतात, भाऊ, बसून राहायचं असेल तर घरी बसा. चुडामण वाजवायला लागला. पोटापुढं शहाणपण चालत नाही, हे सांगायला मंदाबाईची गरज नव्हती, तरी तिनं सांगितलंच. उंबरठ्यावर पाय ठेवणाऱ्या कुठल्याच पोरीकडं तो पाहायचा नाही. डोळे मिटून वाजवायचा, आणि लोकांना वाटायचं रंगलाय.

सत्तेचाळीस साली अधिक श्रावण आला, म्हणून कानबाई लांबली. झेंडा आधी लागला. चुडामण लोणवाड्याला पोचला तेव्हा चावडीवर कागदी पताका अजून होत्या, पावसानं भिजून चिकटलेल्या. गाव आनंदात होतं. वच्छलाबाई खाटेवर होती, हाडांची मोळी झालेली. रोट मंदाबाईनं भाजले. रविवारी देवी बसल्यावर वच्छलाबाईनं त्याला जवळ बोलावलं आणि लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

“औंदा पावा लई ये. मी म्हनसू.”

चुडामणला रडूच फुटलं. एवढा बाप्या माणूस, पदर धरून रडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मंदाबाईला सांगितलं की उद्या तू माझ्या मागं चाल, नीट ऐक. तिच्या मनात काय होतं ते तिघांनाही समजलं. सून गेली, पण जाऊ होती; तिनं आजवर बाकीच्या बायकांबरोबर नुसता ‘वं माय’ ओढला होता. गाणं अजून वाचणार होतं.

सोमवारी सकाळी कानबाई उंबरठ्याबाहेर पडली. पाट भाऊबंदांतल्या एका बाईच्या डोक्यावर, त्यामागं काठी टेकत वच्छलाबाई, मागं मंदाबाई, त्यांच्यामागं पावा घेऊन चुडामण. सारी गल्ली बाहेर आली होती. वच्छलाबाईनं गाणं धरलं. आवाज थरथरत होता, पण ओळ तीच, संथ. चुडामणनं पावा ओठाला लावला. पहिली ओळ बरोबर आली. सोळाव्या वर्षीची सकाळ परत आली असं त्याला वाटलं.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी, जिथं ‘वं माय’ ओढायचा, तिथं त्याची बोटं उडाली. मास्तरांची हरकत. त्यानं वाजवली नाही, ती वाजली. किती लग्नांत वाजवून बोटांना ती लागून गेली होती. कडेला उभ्या पोरांनी ती एका क्षणात ओळखली. ‘ये गं घरा’ म्हणत एकानं टाळी दिली, मग सगळ्यांनी. लहान सुना लाजत लाजत, हसत त्यात सामील झाल्या. त्यांना वाटलं, म्हातारीनं यंदा हौसेनं सिनेमातलं काढलं; स्वराज्याचं वर्ष आहे. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. चुडामणनं पावा खाली घेतला तरी गाणं थांबलं नाही, त्याला आता त्याची गरज नव्हती. वच्छलाबाई तिसऱ्या ओळीवर गप्प झाली. काठी टेकत नदीपर्यंत गेली, देवीला पाण्यात ठेवलं, आणि परतली. येताना ओठ मिटायचे असतात. पोरं घरच्या दारापर्यंत टाळ्या पिटत गात आली.

घरात आल्यावर ती भिंतीला टेकून बसली. चुडामणनं माफी मागितली नाही, कशाची मागणार. त्यानं पावा तिच्यापुढं ठेवला.

“वहिनी, तिसरी ओळ माले आते याद नही शे. एक डाव म्हन. मी धरी लिसू.”

तिनं तोंड उघडलं. गाणं तिच्या ओठांपर्यंत आलेलं त्याला दिसलं, मंदाबाईलाही दिसलं. मंदाबाई ऐकायला पुढं सरकून बसली. वच्छलाबाईनं एकदा घराकडं पाहिलं, देवीच्या रिकाम्या चौरंगाकडं पाहिलं, प्रमिला ज्या उंबरठ्यावरून आत आली होती त्याच्याकडं पाहिलं, आणि ओठ मिटले.

“घरमा नही म्हनतस, भाऊ. पुढला साले नदीवर जातांना म्हनसू.”

पुढचं साल तिला दिसलं नाही. ती दिवाळीनंतर गेली. चुडामण तिला पोचवायला आला, खांदा दिला, तिच्यामागं नदीपर्यंत चालला. पावा त्यानं बरोबर आणला होता, पण वाजवण्यासारखं त्याच्याकडं काही उरलं नव्हतं. तेरावा झाला आणि तो जळगावच्या गाडीत बसला, कारण मगनकडं लग्नं लागली होती.